इतर

तुळसकर बाईंनी सांगितलं,
एका पानावर महिना मांडा.
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली रेघ.
मी वेदांगच्या भूगोलाच्या वहीतली कोरी पानं फाडली.
पहिल्याच्या पाठीला नकाशा निघाला,
समुद्र अर्धाच रंगवलेला,
पेन्सिल तिथेच संपली असणार.

जमेला दोनच ओळी.
एक माझी. फॅक्टरीत काजी फोडते, किलोवर.
गर अख्खा निघाला तर एक भाव, तुकडा पडला तर दुसरा.
शनिवारी मोजून हातात देतात,
चिकाचा अंगठा नोटेवर उठतो, वहीवरही उठला आहे.
दुसरी ओळ ह्यांची: वाटा.
त्याच्यापुढे आकडा कुठला घालू?
बोट लागली की आधी डिझेल उतरतं,
मग बर्फ, मग जाळ्याचा हिस्सा,
मग माणसं.

बाई म्हणाल्या, सरासरी काढा.
घरी येऊन मामंजींना विचारलं.
ते सुतळीला पीळ देत बसले होते, मान वर न करता म्हणाले,
"सरासरी कोणी शिजवन खाल्ल्यान?
उधाणाक बघ, भांगाक बघ."

मग तारखा खोडल्या, तिथ्या लिहिल्या.
पुनवेला तांदूळ, तेल, गॅस.
अष्टमीला काही नाही,
अष्टमीला कुळथाची पिठी.
अवसेला वेदांगची शिकवणी, किराणा दुकानाची बाकी.
वीजबिलाला मात्र तारीखच ठेवावी लागली,
त्यांच्या खांबापर्यंत भरती जात नाही.

नारळ दारचा, म्हणून शून्य लिहिलं.
मग आठवलं, चढणारा दारचा नाही.
शून्य खोडून झाडामागे पैसे लिहिले.
मीठ दहा किलो, बांगडा खारवायला.
इथे बराच वेळ अडले.
मीठ आज घ्यायचं, बांगडा आज चिरायचा,
खायचा बोटी शाकारल्यावर, आषाढात.
हा खर्च कुठल्या महिन्याचा?
बाईंच्या पानावर आषाढाला जागा नव्हती.
मी समासात लिहिला, आडवा.

शेवटची ओळ बाईंनीच शिकवलेली: इतर.
तिच्यात देवाला गाऱ्हाणं घालायचा नारळ,
जत्रेतलं खाजं पाव किलो,
वाडीत कोणाचं बारावं,
शेजारची आवा दर बुधवारी परत देते म्हणून नेते ते वीस रुपये.
आणि कुडाळला आईच्या डोळ्यांत घालायचं औषध,
जे मी भावाला देते, भाऊ आपलं म्हणून तिला देतो.
मला ते वेगळं लिहायचं नव्हतं.

रात्री ह्यांनी वही बल्बाखाली धरली.
"ह्या इतर म्हंजे काय गो?"
मी म्हटलं, ज्याला नाव नाही ते.
हे हूं म्हणाले, कुशीवर वळले.

सकाळी बघते तर माझ्या इतरखाली आणखी एक इतर.
बोटीवर नंबर रंगवतात तसली जाड, सरळ अक्षरं.
पुढे दीडशे.
बिडी असेल, बिडीला एवढे लागत नाहीत.
बाटली असेल, पण वास आला असता.
की बोटीवरचा तो नेपाळी पोरगा,
ज्याच्या फोनचा रिचार्ज सारखा संपतो.
विचारलं नाही.
विचारलं असतं तर माझ्या ओळीवरही बोट आलं असतं.

रेघ मारली. खाली उरले एकशे चाळीस,
आणि समासात मीठ.

गटाच्या बैठकीत बाईंनी लाल पेन उघडलं.
बेरीज बरोबर आहे म्हणाल्या.
मग पेन खाली येत थांबलं.
"इतर दोनदा का?"
मी म्हटलं, आम्ही दोघं आहोत ना.
बायका हसल्या, बाई नाही हसल्या.
दोन्ही ओळींना मिळून एक कंस घातला
आणि पुढे लिहिलं:
तपशील द्यावा.